गुडघा बदलायचा की नाही, हे ठरवायचं कसं

‘गॅप संपलाय, बदलावा लागेल.’ सांधेबदलाच्या निर्णयाची सुरुवात बहुतेक घरांत या एका वाक्याने होते आणि पुष्कळदा शेवटही तिथेच होतो. मुलाने तारीख विचारून टाकलेली असते, काउंटरवर पॅकेजचा कागद हातात पडलेला असतो आणि जिच्या गुडघ्याबद्दल हे चाललंय ती आई अजून बाहेर चपला शोधत असते.

झिजेमुळे दुखणारा गुडघा ही तातडीची बाब नाही. दोन-तीन महिने विचारात गेले म्हणून ऑपरेशन अवघड होत नाही. अपवाद मोजके आहेत. पडून खुब्याचं हाड मोडलं असेल तर एक-दोन दिवसांतच ऑपरेशन व्हायला हवं, तिथे मतं गोळा करत बसू नये. सांधा अचानक सुजून लाल-गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बाकी सगळ्यांकडे वेळ असतो. तो कसा वापरायचा, ते इथे सांगतो आहोत. मजकूर मुख्यतः गुडघ्याबद्दल आहे, कारण आपल्याकडे घरोघरी प्रश्न त्याचाच असतो.

नेमकं काय बदलतात

‘बदलणे’ हा शब्द थोडा फसवा आहे. जुना गुडघा काढून नवा बसवला, असं होत नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक इथला साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीचा झिजलेला थर कापतात. वरच्या हाडाला धातूची टोपी, खालच्या हाडाला धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये टणक प्लास्टिकची चकती बसते. वाटीच्या मागे प्लास्टिकचं बटण काही सर्जन बसवतात, काही बसवत नाहीत. दोन्ही बाजूंचे अस्थिबंध, मांडीचे स्नायू, नसा आणि कातडी ही सगळी तुमचीच राहते. म्हणून स्नायू कमजोर असतील तर सर्वांत महाग सांधा बसवूनही चाल सुधारत नाही.

‘वंगण संपलंय’ हेही असंच एक प्रचलित वाक्य. संपते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. ती एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, म्हणजेच तो ‘गॅप’. म्हणून एक्स-रे उभं राहून, दोन्ही पायांवर भार देऊन काढलेला असला पाहिजे. झोपून काढला तर झिजलेल्या गुडघ्यातही जागा शिल्लक असल्यासारखी दिसू शकते. मत घ्यायला जाण्याआधी फिल्म कशी काढली होती ते विचारा. शिबिरात घाईने काढलेल्या फिल्मवर तर कधीच निर्णय घेऊ नका.

एमआरआय सहसा लागत नाही. साठीनंतर एमआरआय काढला की ‘गादी (दोन हाडांमधली कूर्चेची चकती) फाटली आहे’ असा अहवाल अनेकांच्या हाती येतो, गुडघा अजिबात दुखत नसलेल्यांच्याही. मग कोणीतरी दुर्बिणीतून साफसफाई सुचवतो. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींच्या गुडघ्याची दुर्बिणीतून साफसफाई केली आणि काहींना फक्त कातडीवर छेद दिले. दोन्ही गटांत आराम सारखाच पडला. झिजलेल्या गुडघ्यासाठी साफसफाईवर पैसे घालवू नयेत.

झिजेची प्रत ० ते ४ अशी लिहितात. ग्रेड ४ म्हणजे हाडाला हाड लागलं. पण ग्रेड ४ असूनही रोज तासभर फिरणारी माणसं असतात, त्यांना ऑपरेशनची गरज नाही. उलट ग्रेड २ आणि दुखणं असह्य असेल तर अधिक सावध राहा. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसत नसेल तर कारण दुसरीकडे असू शकतं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कमरेतल्या दबलेल्या नसेचंही तसंच. तपासताना डॉक्टरांनी खुबा फिरवून पाहिला का, याकडे लक्ष ठेवा. नसेल पाहिला तर सांगा, ‘एकदा खुबाही बघता का?’

दोन आठवड्यांची वही

निर्णय एक्स-रेवर होत नाही, तुमचं रोजचं जगणं किती अडलंय यावर होतो. हे सांगायला ‘फार दुखतं’ एवढं पुरत नाही. शाळेची शंभर पानी वही घ्या आणि १४ दिवस रोज रात्री पाच ओळी लिहा: किती मिनिटं चालल्यावर थांबावं लागलं, रात्री दुखण्याने किती वेळा जाग आली, जिने कसे चढलात-उतरलात, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या आणि आज काय करायचं टाळलं. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘देवळात गेले नाही’, ‘एसटीची पायरी चढता आली नाही म्हणून लग्नाला गेलो नाही’, ‘नातवाला उचललं नाही.’ वही रुग्णानेच लिहावी. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं आणि घरच्याने शब्द न बदलता उतरवावं.

मोजमाप हवं असेल तर ऑक्सफर्ड नी स्कोअर ही १२ प्रश्नांची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ४८. जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला. एका आकड्यावर ऑपरेशन ठरत नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा भरली की आपण घसरतोय की टिकून आहोत हे कळतं. त्यात गुडघे टेकण्याचा प्रश्न आहे, मांडी घालण्याचा नाही. तो तुम्ही वहीत जोडा.

तीन महिने खरेखुरे प्रयत्न

‘व्यायाम करून पाहिला, उपयोग नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आठ-दहा दिवस केलेला असतो. स्नायूंत फरक पडायला १२ आठवडे लागतात. खालचे तीन व्यायाम पुरतात.

पहिला: पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा, ५ ते १० सेकंद धरून सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा: पाठीवर झोपा, एक गुडघा वाकवून ठेवा, दुसरा पाय सरळ ठेवून साधारण एक फूट उचला, ५ सेकंद धरा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, मग दुसरा पाय. तिसरा: न हलणाऱ्या खुर्चीतून जमल्यास हातांचा आधार न घेता उठा आणि हळू बसा, पाच वेळांपासून सुरू करून दहापर्यंत. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं राहिलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.

वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. म्हणजे पाच किलोही पुष्कळ झाले. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. जवळपास सगळे उलट धरतात. उभं राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेघेपाशी यावी. भारतीय शौचालयावर खुर्ची किंवा कमोडची बैठक बसवणं, खालच्या सोफ्यावर जाड उशी ठेवणं, याने दिवसातलं सर्वांत जास्त दुखणारं उठबस कमी होतं.

दुखण्यासाठी आधी चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल वापरा. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका खरा आहे. सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. मात्र ते दिल्यावर तीन महिने सांधेबदल करू नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सांध्यात वंगण म्हणून देतात त्या जेलच्या इंजेक्शनचा फायदा झालाच तर थोडा. ग्लुकोसामाइन या पूरक गोळ्यांचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही. हाडाला हाड लागलेल्या गुडघ्यात पीआरपीवर, म्हणजे स्वतःच्याच रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनवर, खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नाव-पत्ता नसलेल्या ‘सांधेदुखीच्या पुडी’बद्दल वेगळं सांगायला हवं. चार दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडला तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. अशी पुडी अनेक महिने घेतली असेल तर अचानक बंद करू नका आणि भूलतज्ज्ञाला न लाजता सांगा. ऑपरेशनच्या ताणात शरीर कोसळू शकतं, ते त्यांना आधी माहीत हवं.

मिळेल काय, आणि काय नाही

चालताना आणि रात्री होणाऱ्या वेदना कमी होणं, वाकडा पाय सरळ होणं आणि चालण्याचं अंतर वाढणं हे या ऑपरेशनचे खरे लाभ. ज्यांचं झोपेतलं दुखणं गेलंय त्यांना विचारा, त्यांचा चेहराच सांगेल.

आकडे असे. गुडघा बदललेल्या १०० पैकी सुमारे ८० जण समाधानी असतात. उरलेले २० का नसतात, हेच आधी समजून घ्यायचं. काहींची झीज मुळात कमी होती, काहींचं दुखणं कमरेचं होतं, काहींचा गुडघा आखडला आणि बऱ्याच जणांनी पंचविशीतला गुडघा परत मिळेल असं धरलं होतं. जंतुसंसर्ग १०० पैकी एक-दोघांना होतो. झाला तर एकापेक्षा जास्त ऑपरेशनं आणि अनेक महिने लागू शकतात. टिकण्याचं म्हणाल तर २०१९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार १०० पैकी सुमारे ८२ पूर्ण गुडघे २५ वर्षं टिकतात.

वयाचा हिशेब वेगळा करा. ब्रिटनमधल्या नोंदींवरून, सत्तरीनंतर ऑपरेशन झालेल्यांना उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के आहे. पन्नाशीच्या सुरुवातीला करून घेणाऱ्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. दुसरं ऑपरेशन पहिल्याहून अवघड आणि महाग असतं. पन्नाशीतल्या माणसाने म्हणूनच दोन प्रश्न जरूर विचारावेत. फक्त आतली बाजू झिजली असेल तर अर्धा गुडघा बदलून भागेल का? किंवा नडगीचं हाड कापून पाय सरळ करण्याचं ऑपरेशन चालेल का? अर्ध्या गुडघ्याने चाल अधिक नैसर्गिक वाटते आणि माणूस लवकर उभा राहतो, पण २५ वर्षं टिकणाऱ्यांचं प्रमाण १०० पैकी ७० च्या आसपास आहे. या दोन्हींना अटी असतात, सगळ्यांना चालत नाहीत. पण ‘तुम्हाला का चालणार नाही’ हे सर्जनने दोन वाक्यांत सांगायला हवं.

आता आपल्याकडचा मोठा प्रश्न: मांडी. नवा गुडघा सहसा ११० ते १२५ अंश वाकतो. खुर्ची, जिना, गाडी यांना तेवढं पुरतं. उकिडवं बसायला, पूजेला जमिनीवर मांडी घालायला, वज्रासनाला जास्त लागतं. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल ते मुख्यतः आधी किती वाकत होता यावर ठरतं. ‘हाय-फ्लेक्स’ म्हणजे जास्त वाकणारा या नावाने मिळणारा सांधा घेतला म्हणून तो आपोआप जास्त वाकत नाही. गुडघे टेकणं अनेकांना नकोसं वाटतं. छेदाच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक पट्टा बधिर राहतो, चालताना कधी ‘टक’ असा आवाज येतो. हे दोन्ही बिघाड नाहीत, पण कोणी आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो.

दोन्ही एकदम, रोबो आणि सोनेरी गुडघा

‘एकदाच उरकून टाकू’ असं म्हणणारा बहुधा रजेवर आलेला मुलगा असतो. त्याच्या परतीच्या विमानाची तारीख हा काही वैद्यकीय निकष नव्हे. दोन्ही गुडघे एकदम केले तर भूल एकदा, रुग्णालयातला मुक्काम एकदा, खर्च थोडा कमी. दोन्ही पाय सारखेच वाकडे असतील तर चालायला शिकणंही सोपं जातं, कारण जुना वाकडा पाय आडवा येत नाही. पण हृदयावरचा ताण, रक्तस्राव आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. वय ७५ च्या पुढे असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, वजन खूप जास्त असेल तर वेगवेगळे करणं बरं. मध्ये सहा आठवडे ते तीन महिने जाऊ द्यावेत. पहिला केल्यावर दुसरा इतका सुसह्य होतो की पुढे ढकलता येतो, असंही होतं.

रोबो ऑपरेशन करत नाही, सर्जन करतो. रोबोमुळे हाडाचे काप आखलेल्या मापाशी अधिक अचूक जुळतात, हे खरं. पण त्यामुळे रुग्ण पुढे जास्त चांगला चालतो किंवा सांधा जास्त वर्षं टिकतो, हे अजून नक्की झालेलं नाही. ज्याचा हात बसलेला आहे असा सर्जन साध्या हत्यारांनी उत्तम गुडघा बसवतो. रोबोसाठी कर्ज काढू नका.

सोनेरी गुडघा म्हणजे धातूवरचा लेप, सोनं नव्हे. धातूची ॲलर्जी ठाऊक असलेल्यांसाठी त्याचा विचार होतो. ‘३० वर्षांची गॅरंटी’ असं कोणी म्हणालं तर ती लेखी मागा. मिळणार नाही.

पैशांचं

राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. मूळ आदेशात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्यासाठी ५४,७२० रुपये, हाय-फ्लेक्ससाठी ५६,४९० आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी ७६,६०० रुपये होते, वर जीएसटी. नंतर आकड्यांत फेरबदल झाले आहेत, म्हणून आजचा दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून जा. ही मर्यादा फक्त सांध्याच्या भागांना आहे. सर्जनचं शुल्क, खोली, शस्त्रक्रियागृह, औषधं, फिजिओ हे वेगळं. पॅकेज विचारताना म्हणून चार गोष्टी लिहून घ्या: सांधा कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या प्रकारचा, किती दिवसांचा मुक्काम धरलाय, रक्त किंवा अतिदक्षता विभाग लागला तर खर्च कुठे धरणार, आणि घरी गेल्यावरचा फिजिओ त्यात आहे का. बिलात सांधा वेगळा दाखवून कंपनी आणि बॅच क्रमांक लिहिणं अपेक्षित आहे. ‘इम्प्लांट’ एवढी एक ओळ चालवून घेऊ नका.

विमा असेल तर सांधेबदलाला पॉलिसीत बहुधा दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. अपघातामुळे लागलेल्या ऑपरेशनला सहसा तो लागू होत नाही. दुसरा खड्डा खोलीभाड्याचा. पॉलिसीत दिवसाला ठरलेल्या भाड्यापेक्षा वरची खोली घेतली की अनेक पॉलिसींत फक्त भाड्यातला फरक नव्हे, इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. रोबोच्या खर्चाला वेगळी मर्यादा आहे का, तेही आधी विचारा.

महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेलं वय वंदना कार्डही आहे. पण प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक शस्त्रक्रिया योजनेतून होत नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, नेमकं विचारा: ‘ही शस्त्रक्रिया, या रुग्णालयात, या कार्डावर होते का?’ चौकशीचे क्रमांक १५५३८८ आणि १४५५५. मोफत शिबिरात जायला हरकत नाही, फक्त तिथे जागच्या जागी नाव नोंदवून येऊ नका.

सर्जनपुढे बसल्यावर

वही, उभं राहून काढलेला एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. पाकिटंच न्या, नावं आठवत नाहीत. बोलायला रुग्णाला पुढे बसवा. मुलगी-मुलगा, सून यांनी पहिली पाच मिनिटं गप्प बसायचं, हे घरीच ठरवून निघा. प्रश्न कागदावर लिहून न्या:

– ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या वर्षभरात माझं काय होईल?
– माझ्या बाबतीत दुसरा कोणता उपाय आहे, आणि तो तुम्ही का सुचवत नाही?
– तुम्ही वर्षाला असे किती गुडघे करता? माझं ऑपरेशन स्वतः तुम्हीच करणार ना?
– माझा मधुमेह, हृदय, वजन पाहता सर्वांत जास्त भीती कशाची?
– गुडघा आखडला किंवा जंतुसंसर्ग झाला तर तुम्ही काय करता आणि तो खर्च कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुतेकदा ‘फारसं काही बिघडणार नाही, दुखणं राहील, हळूहळू वाढेल’ असं असतं. ‘पाय निकामी होईल’, ‘अंथरुणाला खिळाल’ असं सांगून याच आठवड्यात तारीख द्यायला लावणाऱ्यांपासून सावध राहा.

दुसरं मत वेगळ्या रुग्णालयात घ्या. तिथे पहिल्या डॉक्टरांचं मत आधी सांगू नका, दुखणं सांगा. दोघांचं जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर कोण बरोबर यावर वाद घालण्याऐवजी दोघांनाही एकच विचारा, ‘हे ठरवताना तुम्ही कशाकडे पाहिलंत?’ कागदपत्रांसाठी संकोच नको. मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

होकार दिल्यानंतरची तयारी

तारखेआधी चार ते सहा आठवडे हवेत. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ७.५ ते ८ टक्क्यांच्या आत असावं असं बहुतेक सर्जन मानतात. जास्त असेल तर ऑपरेशन पुढे ढकलणं हा शहाणपणा आहे, अडवणूक नव्हे. हिमोग्लोबिन बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर कारण शोधून आधी वाढवा. किडलेले दात, हिरड्यांतला पू, पायाच्या बोटांमधली चिखली, टाचांच्या खोल भेगा हे सगळं आधी बरं करा. जंतू इथूनच शिरतात. तंबाखू आणि बिडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. मिश्रीही तंबाखूच आहे, हे घरातल्या बायकांना वेगळं विचारावं लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका, विशेषतः स्टेंट असेल तर. हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ते ठरवतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, त्याबद्दल नक्की विचारा. आमवाताच्या औषधांचंही तसंच: काही चालू ठेवतात, काही थांबवतात.

संमतीपत्र आदल्या दिवशी मागा, मराठीत मागा. शस्त्रक्रियागृहाच्या दारात चष्मा नसताना केलेली सही ही समजून दिलेली संमती नव्हे. उपचार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, नाही केलं तर काय, हे रुग्णाला पुरेसं सांगितलं पाहिजे आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला आपोआप लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. तेव्हा कागदावर उजवा की डावा की दोन्ही, हे शब्दांत लिहिलंय का ते वाचा. सकाळी पायावर पेनाने खूण केली जाते. ती योग्य पायावर आहे ना, हे रुग्णाने स्वतः पाहावं.

पहिले सहा आठवडे कोण काढणार

हा प्रश्न निर्णयाचाच भाग आहे, नंतरचा नाही. पहिले दोन आठवडे घरात चोवीस तास एक माणूस लागतो. ते काम गृहीत धरून सुनेवर टाकायचं असेल तर तारीख ठरवताना तिला विचारा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर जिना चढण्याचा सराव रुग्णालयातून निघण्याआधीच झाला पाहिजे.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. मुक्काम तीन ते पाच दिवस, टाके बाराव्या ते चौदाव्या दिवशी, गाडी चालवणं साधारण सहा आठवड्यांनी. सूज आणि गरमपणा तीन ते सहा महिने राहतो, पूर्ण सुधारणा व्हायला वर्ष लागतं. गुडघ्याखाली उशी ठेवू नका. कितीही बरं वाटलं तरी नको, कारण पाय वाकलेलाच राहतो आणि सरळ न होणारा गुडघा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त त्रास देतो. गुंडाळी ठेवायची ती टाचेखाली. दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास वाकवणं हे ध्येय. सहा-आठ आठवड्यांनीही ९० होत नसेल तर सर्जनला सांगा. भूल देऊन गुडघा मोकळा करता येतो, पण ते पहिल्या तीन महिन्यांतच नीट जमतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोप लागत नाही आणि ‘उगाच केलं’ असं वाटतं. हे इतक्या जणांना होतं की आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पोटरी दुखून सुजली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच रुग्णालय. आणि जखमेतून पाचव्या-सातव्या दिवसानंतरही पाणी येत असेल, तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून ॲण्टिबायोटिक घेऊ नका. आधी सर्जनला दाखवा. त्या गोळ्यांनी जखम वरून सुकते, जंतू आत सांध्यावर राहतात आणि तपासणीत सापडेनासे होतात. वेळेत धुऊन वाचला असता असा सांधा मग काढावा लागतो.

सांध्याच्या प्रत्येक भागाच्या पाकिटावर स्टिकर असतो. त्यांचा एक संच तुमच्या डिस्चार्ज कागदावर चिकटवून घ्या आणि फोटो काढून दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. एएसआर नावाचा खुब्याचा सांधा २०१० साली जगभरातून परत मागवला गेला तेव्हा भारतातले अनेक रुग्ण शोधूनही सापडले नाहीत.

आणि ‘आत्ता नको’ ठरलं तर

तर तेही वहीत तारखेसह लिहा आणि पुढची भेट सहा महिन्यांनंतरची ठरवून टाका. दरम्यान तीन गोष्टींवर नजर ठेवा: झोपल्यावर गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकते का, दोन पायांमधलं धनुष्य वाढतंय का आणि मांडी दुसऱ्या पायापेक्षा बारीक होतेय का. मांडीचा घेर वाटीच्या वर चार बोटांवर, दर महिन्याला, त्याच शिंप्याच्या टेपने मोजायचा. यातलं काही झपाट्याने बदलू लागलं तर सहा महिने थांबू नका.